हौदाजवळचा विनंती थांबा

दौलतअण्णा कांबळे टीव्ही लावत नाहीत, टीव्ही सोडतात. रिमोटचं बटण दाबायच्या आधी ते समोरच्या स्टीलच्या तांब्यावर तिकिटं पंच करायचा आपला जुना चिमटा दोनदा आपटतात. टिंग टिंग. डबल बेल. ती मिळाल्याशिवाय पडद्यावरच्या राजाराण्यांना हलायची परवानगी नाही. एकदा विकी जाधवनं घाईघाईत बेलच्या आधीच बटण दाबलं. अण्णांनी टीव्ही बंद केला, विकीला दंडाला धरून बाहेर नेलं, परत आत घेतलं, दार लावलं आणि मग बेल दिली. "दार लागल्याबिगर गाडी हलत न्हाई," एवढंच म्हणाले. विकी जिम चालवतो, त्याचा दंड माझ्या मांडीएवढा आहे. पण तोही मुकाट्यानं बसला.

अण्णा कोल्हापूरजवळ उचगावात माझ्या मेडिकलच्या समोर राहतात. एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर होते. रिटायर होऊन आठ वर्षं झाली, तरी माझ्या दुकानात तीन गिऱ्हाईकं उभी दिसली की ते रस्त्यापलीकडून ओरडतात, "पुढं सरका, पुढं सरका! मधी लई जागा हाय!" आणि लोक सरकतातही. आवाजच तसा आहे. तो आवाज भरलेल्या गाडीच्या शेवटच्या सीटवर झोपलेल्या माणसाला त्याच्या गावात उतरवण्यासाठी घडवलेला आहे.

"एकतीस वर्सांत माझी गाडी माझ्यामुळं एक मिनिट लेट न्हाई," हे त्यांचं आवडतं वाक्य. "रस्त्यामुळं झाली आसंल, म्हशीमुळं झाली आसंल. माझ्यामुळं न्हाई." हे सांगताना ते छातीवरच्या खिशाला हात लावतात. तिथं चिमटा असतो.

या माणसाला 'नऊ खिंडी'चं वेड लावलं मी. हे पाप माझंच.

'नऊ खिंडी' ही परदेशी मालिका. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एक डोंगराळ राज्य आहे. त्यात नऊ खिंडी, प्रत्येक खिंडीवर एक घराणं आणि सगळ्यांच्या डोक्यावरून उडणारे पंखवाले रेडे. राणी मालवेराचं राज्य गेलेलं आहे, ते तिला परत मिळवायचं आहे. ड्रोगार नावाचा तिचा एका हाताचा सेनापती आहे. हिंदीतून बघायला मिळते. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसलं की मी मोबाईलवर बघायची. एके दिवशी अण्णा औषध घ्यायला आले आणि काउंटरवरून वाकून बघायला लागले.

"ही बाई कोन?"

"राणी आहे, अण्णा. मालवेरा."

"मगाशी ती बर्फात हुती. आता वाळूत कशी?"

"अहो, गेली असेल."

"गेली आसंल म्हंजे? कुठल्या रस्त्यानं गेली? मधी मुक्काम कुठं केला? घोडी कुठं बदलली?" अण्णा खरोखर चिडले होते. "रस्ता सांगा आधी. गोष्ट मागनं सांगा."

मला त्या प्रश्नांची उत्तरं देता आली नाहीत. मालिका काढणाऱ्यांनाही देता आली नसती. ती मग अण्णांनीच शोधायला घेतली. पहिल्या भागापासून त्यांनी मालिका बघायला सुरुवात केली ती हातात वही घेऊन. नावं त्यांच्या जिभेवर बसली नाहीत, म्हणून त्यांनी ती आपल्या सोयीची करून घेतली. मालवेराची मालूबाई झाली, ड्रोगारचा दगडू झाला. उडत्या रेड्यांबद्दल त्यांची एकच तक्रार होती. "येवढी जनावरं हायती, वैरन कोन घालतंय? एकदा तरी दावा की."

वर्षभरात त्यांनी त्या सगळ्या राज्याचं एसटीचं वेळापत्रक तयार केलं. हसू नका, मी ते पाहिलंय. मोठ्या पांढऱ्या कागदावर निळ्या शाईनं आखलेलं. 'धुरकोट, निळी खिंड मार्गे, सुटण्याची वेळ १०.२०.' घोडा ताशी किती चालतो, चढाला किती दमतो, बर्फात किती वेळ जातो, सगळा हिशोब करून. आणि सहाव्या खिंडीच्या पायथ्याला, जिथं एक दगडी हौद आहे, तिथं बारीक अक्षरात लिहिलेलं: 'हौद (विनंती थांबा).' विनंती थांबा म्हणजे जिथं गाडीनं थांबायचं बंधन नसतं, पण कुणी हात केला तर थांबायचं.

हा कागद त्यांनी कौतुकानं माझ्या दुकानाच्या शटरशेजारी चिकटवला. दुसऱ्या दिवशी सकाळी गारगोटीचे एक पाहुणे पोतं घेऊन माझ्या बाकावर बसले. तास झाला, उठेनात. शेवटी म्हणाले, "ताई, ही धा-वीसची धुरकोट गाडी गारगोटीवरनंच जाती न्हवं?"

तेवढ्यात अण्णा आले. दुसरा कुणी असता तर शरमेनं मेला असता. अण्णांनी कागदाकडं पाहिलं, पाहुण्यांकडं पाहिलं आणि गंभीरपणे म्हणाले, "पावणं, धुरकोट गाडी आज रद्द हाय." मग त्यांना पोत्यासकट स्कूटरवर घातलं आणि थेट स्टँडवर नेऊन गारगोटीच्या गाडीत बसवून आले. आल्यावर चेहरा असा फुललेला की विचारू नका. "बगितलंसा, ताई? येळापत्रक खरं वाटलं की!"

आमचा कोल्हापुरातला चाहत्यांचा एक गट आहे. व्हॉट्सॲपवर त्याचं नाव 'नऊ खिंडी, कोल्हापूर डेपो.' नाव अर्थातच अण्णांनी दिलेलं. बाकी सगळी कॉलेजातली आणि नोकरीला नुकती लागलेली पोरं, आणि त्यांच्यात अण्णा आणि मी. नवा भाग सोमवारी यायचा. संध्याकाळी अण्णांच्या घरी बुद्धाच्या तसबिरीखाली टीव्ही, समोर चटई, आणि चटईवर वीस-पंचवीस माणसं. मला याचा फार अभिमान वाटतो. पुण्या-मुंबईचे चाहते आपापल्या घरात कानांत बोंडं घालून एकटे बघतात. आमच्याकडं कंडक्टरसह गाडी भरते.

अण्णांच्या दोन गोष्टींचा उलगडा मात्र कुणालाच व्हायचा नाही.

एक म्हणजे त्या हौदावर एक म्हातारी असते. तिला नाव नाही, संवाद नाही. खिंड चढायच्या आधी जो येईल त्याच्या घोड्याला ती पाणी पाजते. ती दिसली की अण्णा तांब्यावर एकदाच चिमटा आपटायचे. टिंग. सिंगल बेल. आणि रिमोटनं चित्र थांबवायचे. "थांबा आला," म्हणायचे आणि वहीत काहीतरी लिहायचे. आम्हाला वाटायचं, म्हातारपणी माणसाला मधे उठावं लागतं, त्याला हा आडपडदा असेल. आम्ही तेवढ्यात चहा उरकायचो.

दुसरी गोष्ट गुरुवारची. दर गुरुवारी सकाळी अण्णा इस्त्रीचे कपडे घालून आजऱ्याच्या गाडीनं जायचे. कशाला, विचारलं तर "ड्यूटी हाय" म्हणायचे. बायको जाऊन दहा वर्षं झालेला माणूस दाढी-बिढी करून दर आठवड्याला आजऱ्याला जातो म्हटल्यावर गल्लीनं जे समजायचं ते समजून घेतलं. महिन्याच्या पहिल्या गुरुवारी जाताना माझ्याकडून डोळ्यांत घालायच्या थेंबांच्या दोन बाटल्या घ्यायचे. काचबिंदूचे थेंब. मी मनात म्हणायची, म्हणूनच टीव्हीला इतके चिकटून बसतात.

मालिकेचा शेवटचा भाग यायच्या आठवडाभर आधी कंपनीनं जाहीर केलं की मालिका संपतेय, पण तिच्यातून एक स्पिन-ऑफ काढणार. कुणावर काढायचा हे चाहत्यांनी कळवावं. एका गटानं एकच नाव द्यायचं.

"स्पिन-ऑफ म्हंजे काय?" अण्णांनी विचारलं.

प्राजक्ता समजावायला लागली. प्राजक्ता इंजिनिअर आहे आणि अस्सल कोल्हापूरची आहे, म्हणजे 'मी आलो, मी गेलो' म्हणणारी. "मुख्य गोष्टीतलं एक पात्र घ्याचं आन् त्येचीच येगळी गोष्ट काढायची."

"आसं सांग की! फाटा!" अण्णा म्हणाले. "मेन रोडवरनं गाडी आत वळली की फाटा. आतबी गावं असत्यातच." त्या दिवसापासून आमच्या गटात स्पिन-ऑफ हा शब्द कुणी वापरला नाही.

रविवारी सकाळी रंकाळ्याच्या काठावर बैठक भरली. विकीचा पक्ष दगडूचा होता. दगडूचा हात कसा गेला हे मालिकेत दाखवलेलंच नाही, ते दाखवलं पाहिजे. प्राजक्ताचा पक्ष मालूबाईच्या आईचा. "पोरीला राज्य परत मिळवून देणारी सगळी अक्कल आईची हाय. मी सांगतो, तिच्यावरच काढा." चार-पाच जण रेड्यांच्या बाजूचे होते. कोल्हापूरची चर्चा म्हणजे आवाज मोठा आणि सभ्यता बारकी, त्यामुळं फिरायला आलेली माणसं भांडण सोडवायला थांबली आणि विषय कळल्यावर एकेका पक्षात सामील झाली.

मग अण्णा उठले.

"दगडूला लढताना बगितलं. मालूबाईला रडताना बगितलं. पर नऊ खिंडीतनं ज्यो ज्यो गेला, त्येचं घोडं कुनाच्या पान्यावर गेलं? त्या हौदावरच्या म्हातारीच्या. चार वर्सांत सा येळा दिसली. तिला एक नाव द्यायला काय जातंय त्यास्नी? तिचा फाटा काढा म्हनावं."

जो हशा पिकला तो पलीकडच्या काठावर ऐकू गेला असेल.

"अण्णा," प्राजक्ता डोळे पुसत म्हणाली, "म्हातारी घोड्याला पानी पाजती. ह्यावर आठ भाग कसं काढायचं वो?"

"मी एकतीस वर्सं गाडीत हुतो. आठ काय, ऐंशी काढतो!"

ते दोन तास भांडले. आयुष्यात कधी कुणाकडं काही न मागितलेला माणूस, आणि त्या दिवशी एकेकाच्या हाताला धरून मत मागत होता. "एकदाच म्हागतोय, पोरांनो," म्हणत होता. शेवटी हात वर करून मतं घेतली. दगडू जिंकला. म्हातारीच्या बाजूनं दोन हात वर होते. एक अण्णांचा. दुसरा माझा, आणि तोही, खरं सांगायचं तर, शेजारधर्मानं वर गेलेला. पत्र दगडूच्या नावानं गेलं. मिसळ खायला अण्णा थांबले नाहीत.

सोमवारी शेवटचा भाग आला तेव्हा अण्णांचा आवाज पूर्ण बसला होता. जो आवाज एकतीस वर्षं धुरळ्यानं बसला नाही तो आम्ही दोन तासांत बसवला. शेवटी मालूबाईचं सैन्य सहाव्या खिंडीकडं निघालं, हौदाजवळून गेलं. म्हातारी पाठमोरी दिसली, घोड्यापुढं वाकलेली. टिंग. चित्र थांबलं. अण्णा बराच वेळ बघत राहिले. त्या दिवशी चहाला कुणी उठलं नाही.

बुधवारी दुपारी ते दुकानात आले आणि कागदावर लिहून माझ्यापुढं सरकवलं. 'उद्या आजऱ्याला चला. आवाज नाही. शेवटचा भाग तुम्ही सांगायचा.'

"कुणाला?"

त्यांनी थेंबांच्या बाटल्यांकडं बोट दाखवलं. दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून मी गेले. खोटं कशाला बोलू, गल्लीसाठी बातमी आणायचा मोहही होताच.

आजऱ्याच्या बाहेर काजूच्या झाडांखाली एक कौलारू घर होतं. अंगणात खुर्चीवर एक उंच म्हातारे गृहस्थ ताठ बसले होते. दाढी गुळगुळीत. डोळे उघडे होते, पण आमच्याकडं नव्हते. फाटक वाजताच म्हणाले, "दोन मिनिटं लेट, कंडक्टर."

अण्णांनी घशातल्या घशात काहीतरी खरखर केली.

"आवाज कुठं टाकून आलास?"

त्यांची सून बाहेर आली. बाटल्या घेताना हळूच मला म्हणाली, "मामंजींची नजर जाऊन पाच वर्सं झाली. ह्या थेंबांनी दिसत न्हाई, नुसती कळ थांबती. बुधवारपास्नं दाढी करून बसत्यात बगा. अण्णांनी एक गुरुवार चुकवला न्हाई."

हे गणपतराव देसाई. बावीस वर्षं अण्णांच्या गाडीचे ड्रायव्हर.

मी घसा साफ केला आणि सुरुवात केली. "शेवटी राणी मालवेरानं सैन्य गोळा केलं आणि—"

"थांबा, ताई." देसाईंनी हात वर केला. "रस्ता सांगा आधी. गोष्ट मागनं सांगा."

मी अण्णांकडं बघितलं. ते जमिनीकडं बघत होते. चार वर्षं ज्या वाक्याला आम्ही हसत आलो ते त्यांचं नव्हतंच. ते वेळापत्रक, घोड्यांचा वेग, कुठं चढ, कुठं वळण, काहीच त्यांचं वेड नव्हतं. हा ड्रायव्हर गोष्ट अशीच ऐकू शकत होता, रस्त्यावरून. आणि त्याला तो रस्ता दिसावा म्हणून अण्णा सोमवारी वही घेऊन बसत होते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दुसरा संसार म्हणून हसलो होतो आम्ही.

अण्णांनी वही माझ्या हातात दिली. मी वाचायला लागले. "किल्ला सुटला सात-दहाला. सरळ रस्ता. मग डावं वळण, उतार..." देसाईंचे हात मांडीवरून उठले आणि समोर गोल धरल्यासारखे झाले. वळणाला हात वळत होते. चढ आला की डावा हात खाली जाऊन गिअर टाकत होता. मी वाचत वाचत हौदापर्यंत आले. त्यांचा उजवा पाय हळूच दाबला गेला.

"म्हातारी हुती?"

"होती."

"पानी पाजलं?"

"पाजलं."

"नाव कळलं?"

अण्णांनी मान हलवली, पण ते देसाईंना कुठून दिसणार? मलाच म्हणावं लागलं, "नाही कळलं."

देसाईंनी दाबलेला पाय तसाच ठेवला. मग म्हणाले, "ताई, गारगोटीच्या पुढं घाटाच्या पायथ्याला एक मावशी असायची. आमची गाडी जुनी, चढाच्या आधीच इंजिन तापायचं. ती घागर घिऊन यायची, रेडिएटरला पानी घालायची. थांबा नव्हता तितं. तरी बारा वर्सं आमी थांबलो. मग नवा रस्ता झाला, गाडी तिकडनं वळवली. आमाला आदल्या दिशी सांजचं कळलं." त्यांनी हात मांडीवर ठेवले. "तिला सांगाय कुनी गेलंच न्हाई. दुसऱ्या दिशी ती घागर घिऊन हुबी ऱ्हायली आसंल, ताई. तिसऱ्या दिशीबी ऱ्हायली आसंल. सा म्हैन्यांनी रजा काढून गेलतो दोगं, तर खोपटं मोकळं. गावात इचारावं म्हटलं तर काय म्हनून इचारनार? बारा वर्सं पानी घेतलं, नाव इचारलं न्हाई."

अण्णा दुसरीकडं बघत होते. ज्या माणसानं एकाही झोपलेल्या प्रवाशाला कधी पुढच्या गावात नेलं नाही, त्याच्या हातून एवढी एक चूक झाली होती.

"म्हनून ह्यो मला म्हनायचा, पुडच्या भागात हौदावरच्या म्हातारीचं नाव येनार. चार वर्सं म्हनतोय," देसाई म्हणाले. "आता मालिका संपली न्हवं? फाट्याचं काय झालं? काढनार काय कंपनी तिचा फाटा?"

अण्णांनी तोंड उघडलं. आवाज आला नाही. मी त्यांच्याकडं बघितलं आणि मला रंकाळ्यावरचा तो हशा आठवला. त्या हशात मीही थोडी होते. लाज वाटली, आणि तेवढाच अभिमानही वाटला, की हा माणूस माझ्या दुकानासमोर राहतो.

"कंपनी नाही काढणार, देसाईकाका," मी म्हटलं. "तिचा फाटा कोल्हापूर डेपो काढणार आहे. पंचवीस माणसं आहोत आम्ही. दर गुरुवारी एक भाग. विकीला आणि प्राजक्ताला मी बघून घेते."

देसाईंनी मान माझ्या आवाजाकडं वळवली. "कोल्हापूर डेपो?"

"हो."

"मग येळेवर सुटंल," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच हसले. "पयल्या भागात तिचं नाव सांगा. मग बाकीचं."

अण्णांनी छातीवरच्या खिशातून चिमटा काढला. सुनेनं चहाबरोबर पाण्याचा तांब्या आणून ठेवला होता. त्यावर त्यांनी दोनदा चिमटा आपटला. देसाईंचा डावा हात खाली गेला, गिअर पडला, आणि दोघंही माझ्याकडं तोंड करून बसले. नाव अजून मला सुचलं नव्हतं.

"आधी रस्ता सांगते," मी म्हटलं.